हवा भरायचा छोटा पंप : खोक्यावरचे आकडे कसे वाचावेत?

ईद, लग्नसराई आणि शाळांच्या सुट्ट्या आल्या की घरातली गाडी लांबच्या वाटेला लागते. कोणी मुंबईहून चिपळूण-रत्नागिरीकडे निघते, कोणी पुण्याहून सोलापूरकडे. निघण्याआधी पेट्रोल भरले जाते, जेवणाचे डबे भरले जातात, अब्बांची औषधे आठवणीने घेतली जातात. टायरमधल्या हवेकडे मात्र फारच थोडे लोक पाहतात. म्हणून या महिन्यात गाडीत ठेवायच्या छोट्या हवेच्या पंपाविषयी बोलू.

टायरमध्ये हवा कमी असली की त्याच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतात आणि टायर तापतो. गावातल्या वेगाला हे जाणवत नाही. पण ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे, तिथे भरलेली गाडी तासन्‌तास सलग धावते. कमी हवेचा टायर अशा वेळी फुटू शकतो. गाडीत आई-वडील आणि लेकरे बसलेली असताना ही जोखीम कोणी का घ्यावी?

शिवाय पंक्चर नसले तरी हवा हळूहळू उतरतेच. महिन्याला साधारण एक पीएसआय हवा आपोआप कमी होते. थंडीत तापमान दहा अंशांनी उतरले की आणखी दीड-दोन पीएसआय कमी दिसते. म्हणजे तीन-चार महिने न पाहिलेला टायर वरून ठीक दिसला तरी आतून कमी भरलेला असू शकतो.

आधी आपला आकडा शोधा

पंप घेण्याआधी आपल्या गाडीला किती हवा लागते ते पाहा. ड्रायव्हरचा दरवाजा उघडल्यावर चौकटीवर एक स्टिकर दिसते. तिथे नसेल तर गाडीच्या पुस्तिकेत माहिती असते. बहुतेक छोट्या गाड्यांचा आकडा ३० ते ३५ पीएसआयच्या आसपास असतो. बऱ्याच गाड्यांत दोन ओळी असतात : एक कमी माणसांसाठी, दुसरी पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. सगळे कुटुंब आणि सामान घेऊन निघताना दुसरी ओळ पाळायची. टायरच्या बाजूवर छापलेला मोठा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरायची नसते.

तारेचा की बॅटरीचा?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटला जोडायचा. तो स्वस्त असतो आणि गाडी चालू असेल तर केव्हाही चालतो. दुसरा स्वतःच्या बॅटरीवर चालणारा. तो हाताळायला सोपा आणि स्कूटर, सायकल, फुटबॉल या सगळ्यांना उपयोगी, पण चार्ज करून ठेवावा लागतो.

तारेचा घेताना दोन गोष्टी पाहा. तार आणि नळी मिळून मागच्या चाकापर्यंत पोहोचतात का? तीन मीटरपेक्षा कमी तार बहुधा अपुरी पडते. आणि पंप किती वीज ओढतो? अनेक गाड्यांच्या सॉकेटवर १२० वॅट लिहिलेले असते, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. पंपावर १५ अँपिअर लिहिले असेल तर अशा सॉकेटचा फ्यूज उडेल आणि ऐन वेळी पंपही बंद, सॉकेटही बंद.

बॅटरीच्या पंपात ‘एमएएच’च्या मोठ्या आकड्याला भुलू नका. एका पंपावर ६००० एमएएच आणि दुसऱ्यावर २००० एमएएच लिहिलेले असते, तेव्हा पहिला तिप्पट चांगला वाटतो. पण पहिल्याचा आकडा ३.७ व्होल्टला आणि दुसऱ्याचा ११.१ व्होल्टला असेल तर दोन्ही बॅटऱ्यांत सारखीच, २२.२ वॅट-तास वीज असते. म्हणून तुलना वॅट-तासांची करा. ते लिहिलेले नसतील तर व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा. हजार एमएएच म्हणजे एक अँपिअर-तास.

‘१५० पीएसआय’ म्हणजे काय?

खोक्यावर सर्वांत ठळक अक्षरांत हाच आकडा असतो. आपल्याला ३५ पुरतात, तर १५० कशाला? हा आकडा पंप जास्तीत जास्त किती दाब निर्माण करू शकतो ते सांगतो. हवा किती लवकर भरेल हे त्यावरून कळत नाही. वेगासाठी ‘लिटर प्रति मिनिट’ पाहा. छोट्या पंपांत २५ ते ३५ लिटर हा आकडा बऱ्यापैकी समजावा. मोठ्या टायरच्या गाडीला याहून ताकदवान पंप हवा.

‘सलग किती मिनिटे चालतो’ हेही वाचा. छोटे पंप लवकर तापतात. दहा मिनिटे चालवून तितकीच विश्रांती द्या, अशी सूचना अनेकांवर असते. चारही टायर एका दमात भरायचे असतील तर हे लक्षात हवे.

ठरवलेल्या आकड्यावर आपोआप थांबणारा पंपच घ्या. स्कूटरचे टायर लहान असल्यामुळे बघता बघता जास्त भरतात, त्यामुळे तिथे ही सोय फार मोलाची आहे. नळीचे तोंड व्हॉल्व्हवर आट्यांनी घट्ट बसते का, तेही पाहा. भरून झाल्यावर ते गरम असते, म्हणून मुलांना हात लावू देऊ नका. साध्या सायकलचा व्हॉल्व्ह मोटारीपेक्षा वेगळा असतो. त्याची जोडणी सोबत आहे ना, हे विचारून घ्या.

विश्वासार्ह आहे हे कसे ओळखावे?

खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता, कमाल किंमत आणि ग्राहक सेवेचा संपर्क असायलाच हवा. यातले काही नसेल तर स्वस्त मिळाला तरी ठेवून द्या. पक्के बिल घ्या. पंप घरी आल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधीच तपासा : चारही टायर भरा, मग ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे चांगल्या गेजने दाब मोजा. एक-दोन पीएसआयचा फरक चालेल, पाचचा चालणार नाही. दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

वापरताना

हवा नेहमी टायर गार असताना पाहावी. गाडी तीन तास उभी असेल किंवा जेमतेम दोन किलोमीटर चालली असेल तेव्हाचा आकडा खरा. फजरनंतर निघणार असाल तर तीच वेळ सर्वांत चांगली. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो, म्हणून त्यातली हवा काढू नका. तारेचा पंप लावताना इंजिन चालू ठेवा, पण बंद गॅरेजमध्ये नको. तिथे विषारी वायू साठतो. नायट्रोजन भरलेला असेल तरी साधी हवा बिनधास्त भरा, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बॅटरीचा पंप भर उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका आणि महिन्या-दोन महिन्यांनी चार्ज करा.

पंपाच्या मर्यादाही ओळखा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला असेल तर तो काढू नका. हवा भरा आणि हळूहळू पंक्चरवाल्याकडे जा. पण टायरची बाजू फाटली असेल, किंवा पूर्ण हवा गेल्यावरही गाडी चालवली असेल, तर त्यात हवा भरून पुढे जाणे धोक्याचे आहे. म्हणून गाडीत स्टेपनी असेल तर पंप आला म्हणून ती घरी काढून ठेवू नका. काही नव्या गाड्यांत स्टेपनी नसतेच. गाडी घेतानाच डिकी उघडून हे पाहून घ्या.

आणि महामार्गावर थांबावे लागले तर आधी माणसे, मग टायर. गाडी शक्य तितकी कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, मागे त्रिकोण ठेवा आणि सर्वांना कठड्यापलीकडे उभे करा. चाक वाहतुकीच्या बाजूला असेल तर तिथे बसून हवा भरू नका, मदत बोलवा. राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ हा क्रमांक आहे. तो आजच घरातल्या सर्वांच्या मोबाइलमध्ये लिहून ठेवा.