चर्चच्या भिंतीपलीकडली डबी

लपंडाव हा मुलांचा खेळ, अशी आपली समजूत. परंतु वयाने वाढलेल्या, चष्मा लावणाऱ्या माणसांनी उपग्रहांचे संकेत टिपणारे यंत्र हाती घेऊन खेडोपाडीच्या चर्चभोवती काही तरी धुंडाळीत हिंडावे, हे ऐकले की वाचकांस हसू येईल. मलाही प्रथम आले. आणि शोधावयाचे काय, तर जुन्या फिल्मच्या डबीएवढी एक डबी!

या खेळास ‘जिओकॅशिंग’ म्हणतात. यातील ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे. लपविणे या अर्थाच्या फ्रेंच धातूपासून तो शब्द आला आहे. भाषांतरकाराने ‘गुप्तनिधी’ म्हणावे, तर आत मोहरा असतील अशी आशा उत्पन्न होते. निघते ती बहुधा कागदाची सुरळी. शोधणाऱ्याने तीवर आपले नाव व तारीख लिहावी आणि डबी होती तेथेच पुन्हा ठेवावी, एवढाच रिवाज.

मे २००० च्या आरंभापर्यंत अमेरिकन सरकार नागरी वापराच्या उपग्रह-संकेतांत मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळे एखादे ठिकाण नेमके सांगताना शंभरेक मीटरांची तफावत पडे. ती चूक मिसळणे थांबले आणि लगेच, ३ मे रोजी, डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातील रानात एक काळी बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. आत पुस्तके, एक बेचकी, घेवड्याचा हवाबंद डबा, असा काहीबाही ऐवज होता. इंग्लंडला मात्र ही कल्पना अगदीच नवी नव्हती. डार्टमूरच्या माळावर वाटाड्याचे काम करणाऱ्या जेम्स पेरॉट याने १८५४ साली क्रॅनमियर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली होती. तेथवर पोहोचलेल्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे.

इंग्लंडात या डब्यांची एक मोठी मालिका गावोगावच्या चर्चजवळ लपविलेली आहे. तिच्यातील डब्यांची संख्या हजारांत भरते. जमिनीत खणून काही पुरू नये आणि जागेच्या मालकाची अनुमती घ्यावी, असे खेळाचे नियमच आहेत. तरीही प्रश्न उरतो: जेथे कोणाचे आईबाप निजलेले आहेत, तेथे खेळ खेळावा काय? मला तो प्रश्न क्षुल्लक वाटत नाही. थडग्यांच्या फटींत बोटे घालणारा उत्साही मनुष्य पाहून, फुले वाहावयास आलेल्या वृद्धेच्या मनास काय वाटेल?

सुज्ञ खेळाडूंनी यावर एक तोड काढली आहे. डबी आवारात ठेवावयाचीच नाही. ती भिंतीपलीकडे, रस्त्याच्या कडेस ठेवावयाची. आवारात असतात ते केवळ अंक. अमक्या शिळेवरील मृत्यूचे साल, तमक्या फलकावरील आकडा, असे वाचून, बेरीज-वजाबाकी करून डबीचे अक्षांश-रेखांश सिद्ध करावयाचे. म्हणजे खेळणाऱ्यास शिळा उकरावी लागत नाही, वाचावी लागते. ज्यांची नावे गावाबाहेर कोणी ऐकली नाहीत, त्यांची ती नावे परगावचा मनुष्य ओठ हलवीत वाचतो.

बकिंगहॅमशायरमधील स्टोक पोजिस येथील सेंट जाइल्स चर्चचे उदाहरण घेऊ. अप्रसिद्ध ग्रामस्थांच्या मरणावर टॉमस ग्रे याने लिहिलेली विलापिका १७५१ साली प्रसिद्ध झाली; ती याच आवारावरून सुचली असे मानतात. आपल्याकडील कित्येक पिढ्यांनी ती इंग्रजीच्या तासाला पाठ केली आहे. समजा, या चर्चसाठी कोणी कोडे रचले आणि विचारले की, कवीच्या मृत्यूचे साल कोणते?

शोधणारा साहजिकच ग्रेचे थडगे गाठील. विटांची साधी बांधणी, वर एक शिळा. परंतु शिळेवर कवीचे नाव नाही! तेथे दोन स्त्रियांची नावे आहेत: एक त्याची मावशी मेरी अँट्रोबस, दुसरी त्याची आई डॉरोथी. या दोघी बहिणी लंडनमध्ये बायकांच्या टोप्या व वस्त्रप्रावरणांचे दुकान चालवीत. त्याच मिळकतीतून आईने मुलास ईटनच्या शाळेत शिकविले. तिला बारा अपत्ये झाली, पैकी अकरा बालपणीच गेली. १७५३ साली ती वारली, तेव्हा शिळेवरील मजकूर ग्रेनेच लिहिला. आपल्या अनेक मुलांतून एकट्यालाच तिच्यामागे जगण्याचे दुर्दैव प्राप्त झाले, अशा आशयाचे शब्द त्यात आहेत. पुढे केंब्रिज येथे त्याचा अंत झाला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला आईशेजारी ठेवण्यात आले. पण शिळेवर नवे अक्षर कोरले गेले नाही.

आकडा हवा असेल, तर मान वर करून समोर पाहावे लागते. चर्चच्या भिंतीवर, खिडकीखाली, एक लहानशी पाटी आहे. समोरच्या या थडग्यातच ग्रे विसावला आहे, असे ती सांगते. तेथे साल मिळते: १७७१. ते टिपून घेतले की शोधणाऱ्याने फाटकाबाहेर पडावे. डबी तिकडेच कोठे तरी असावयाची.