किल्ली कोणाच्या हाती?

आमच्या वयोवृद्ध वाचकांस जुना फोनो आठवत असेल. किल्ली द्यावी, तबकडी मिनिटास ७८ फेरे घेऊ लागली की सुई टेकवावी, आणि गाणे सुरू व्हावे. सुई बोथट झाली तर नवी बसवीत. स्प्रिंग तुटली तर बाजारातला कारागीर ती दुरुस्त करून देई. यंत्र साधे होते. पण ज्याच्या घरी ते असे, तोच त्याचा धनी असे.

आज गाणे इंटरनेटवरून घरात येते. १९८२ साली बाजारात आलेली कॉम्पॅक्ट डिस्क आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने देई. आता त्याच्या चौपटीहून अधिक, म्हणजे १,९२,००० नमुन्यांची ध्वनिमुद्रणे महागड्या यंत्रांतून ऐकता येतात. सूक्ष्मता वाढली, धनीपण मात्र उणावले. अमेरिकेतील सोनोस कंपनीची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे.

या कंपनीचे स्पीकर घरातील निरनिराळ्या खोल्यांत एकाच वेळी गाणे वाजवितात, व त्यांचा कारभार मोबाइलवरील ॲपमार्फत चालतो. मे २०२४ मध्ये कंपनीने हे ॲप नव्याने घडवून ग्राहकांस दिले. पाहतात तो काय, गजर लावण्याची सोय नाहीशी झालेली, आणि निजतेवेळी गाणे आपोआप थांबविण्याचीही! अंध ग्राहकांस तर ते वापरणे फारच कठीण झाले. स्पीकर जसेच्या तसे धडधाकट होते. दूरच्या कचेरीत कोणी किल्ली फिरविली, एवढेच.

जुलैमध्ये कंपनीचे प्रमुख पॅट्रिक स्पेन्स यांनी जाहीर क्षमा मागितली. दुरुस्तीस २ ते ३ कोटी डॉलर लागतील असे ऑगस्टमध्ये सांगितले. आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पायउतार झाले. क्षमा मागितली हे उचितच झाले. परंतु पदरचे पैसे मोजून वस्तू घेणाऱ्याने आपल्याच घरात दुसऱ्याच्या मर्जीची वाट का पाहावी?

नव्याचा तिटकारा करा, असे आम्ही सांगत नाही. आपल्या मुलाने असे यंत्र घरी आणण्याचा बेत केला, तर त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत. इंटरनेट बंद पडले तर हे वाजेल काय? ॲपवाचून चालविण्यास बटणे आहेत काय? तार जोडून दुसऱ्या यंत्राचे गाणे यातून ऐकता येईल काय? तिन्हींस 'होय' असे उत्तर आले तर खुशाल घ्यावे. नाही तर दाम आपण मोजायचे, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात!