आधी तक्रारी, मग खून

हिंदी रहस्यकथाकार सुरेंद्र मोहन पाठक यांच्या कादंबरीत पहिला मुडदा पडायला जरा वेळ लागतो. आधी लेखकाचे निवेदन असते. कधी दोन-चार पानांचे, कधी चांगले ऐसपैस. हातातल्या कादंबरीविषयी त्यात थोडेच असते. बरेचसे असते ते मागच्या कादंबरीविषयी. ती कोणाला आवडली हे असतेच. कोणाला आवडली नाही, तेही असते, नावागावासकट. कथानक रेंगाळले, शेवट पटला नाही, नायक या खेपेला मवाळ वाटला, अशा जातीची ती गाऱ्हाणी. लेखक ती स्वतःच्या हाताने लिहून काढतो, छापायला देतो आणि नव्या पुस्तकाच्या तोंडाशी लावतो.

दुकानात शिरताच भिंतीवर जुन्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी टांगलेल्या दिसाव्यात, तसा हा प्रकार. धंद्यातला माणूस असे करत नाही. आणि पाठक तर उघडउघड धंद्यातले लेखक. खरखरीत कागद, भडक मुखपृष्ठ, रेल्वेच्या फलाटावर विक्री, गल्लीतल्या दुकानातून रोजच्या भाड्याने वाचन. या बाजारात माल पहिल्या पानावर विकला गेला पाहिजे. तिथे हा माणूस पहिल्याच पानांवर मागच्या मालातली खोट दाखवतो. तरीही साठ वर्षे टिकतो.

पाठकांविषयी लिहिताना सगळे आकड्यांवर येतात. जन्म 1940चा. 1959 साली ‘मनोहर कहानियाँ’त पहिली कथा, 1963 साली पहिली कादंबरी आणि पुढे सगळ्या मिळून तीनशेच्या आसपास. त्यांतल्या शंभरावर एकट्या सुनीलच्या; हा ‘ब्लास्ट’ नावाच्या वर्तमानपत्राचा बातमीदार. मग दुसरा नायक विमल, 1977ची ‘पैंसठ लाख की डकैती’ त्याचीच. मग मुंबईचा तिजोरीफोड जीतसिंग. शिवाय इयान फ्लेमिंग आणि जेम्स हॅडली चेस यांचे अनुवाद. यातले बरेचसे दिल्लीत टेलिफोन इंडस्ट्रीजमधली दिवसभराची नोकरी सांभाळून. ऐकणारा थक्क होतो आणि तिथेच थांबतो. आपल्याकडे वेगळे काय होते? बाबूराव अर्नाळकरांचे नाव निघाले की आधी हजार हा आकडा येतो. मग बहुधा काहीच येत नाही. गुरुनाथ नाईकांचेही तेच. रहस्यकथा लिहिणाऱ्याला आपण साहित्यात मोजत नाही, म्हणून त्याची पुस्तके मोजतो.

आकडे सोडा. ती पहिली पाने पाहा.

ही पाने आली कुठून, हे समजायला त्या बाजाराची रीत पाहावी लागते. हिंदीतल्या स्वस्त कादंबऱ्यांच्या दुनियेत मुखपृष्ठावरचे नाव पुष्कळदा प्रकाशकाच्या मालकीचे असे. नाव एक, लिहिणारे अनेक. एक लेखक रुसून गेला की दुसरा त्याच नावाने लिहायला बसे. वाचकाला पत्ता नसे. दुसरीकडे, ज्यांची नावे खरी होती त्यांच्या नावावर नकली पुस्तके निघत. म्हणजे पुस्तक हातात घेणाऱ्याला साधा प्रश्न पडावा अशी स्थिती: हे लिहिणारा माणूस आहे तरी का?

पाठकांचे निवेदन हे त्या प्रश्नाचे उत्तर होते. फोटो काय, कोणीही कोणाचाही छापेल. स्तुतीची पत्रे तर प्रकाशकाचा कारकूनही बसल्या बसल्या पाडू शकतो. पण मागच्या पुस्तकात कुठे चुकले हे नेमके सांगणारा, ते काही ठिकाणी मान्य करणारा, काही ठिकाणी वाचकाशी वाद घालणारा माणूस बनावट असणे कठीण. तक्रार हाच अस्तित्वाचा पुरावा. जिथे नावे भाड्याने मिळत होती तिथे या लेखकाने नावासोबत स्वतःची चूकही छापली. चूक कोणी भाड्याने घेत नाही.

यात व्यवहार नाही असे कोण म्हणेल? ज्याचे पत्र छापून आले तो पुढचे पुस्तक विकत घेतो. एकट्यासाठी नव्हे, चार मित्रांना दाखवायला. ज्याचे आले नाही तो पुन्हा पत्र लिहितो. बिहारमधल्या किंवा मध्य प्रदेशातल्या एखाद्या आडगावच्या माणसाला दिल्लीच्या पुस्तकात आपले नाव दिसते, हे साधे आमिष नाही. पाठक हे ओळखून होते, यात शंका नको. पण व्यवहारच करायचा तर कौतुकाची पत्रे छापूनही भागले असते. त्यावर खर्च कमी आणि धोका काहीच नाही. नाराजीचे पत्र छापायला दुसरे काहीतरी लागते.

ते दुसरे काहीतरी रहस्यकथेच्या जातीतच आहे. रहस्यकथा हा लेखक आणि वाचक यांच्यातला करार असतो, आणि त्याची कलमे दोघांनाही पाठ असतात. खुनी शेवटी आभाळातून पडलेला चालत नाही. चाळिसाव्या पानावर बंद असलेली खिडकी दीडशेव्या पानावर उघडी निघाली तर तिचा जाब द्यावा लागतो. डाव्या हाताने गोळी झाडणारा पुढे उजव्या हाताने सही करत असेल तर ती एक तर खूण असली पाहिजे, नाही तर चूक. तिसरी सोय नाही. म्हणून या प्रांतात वाचकाची तक्रार नुसती अभिरुचीची नसते, पुराव्याचीही असते. ‘मला भिडले नाही’ एवढे म्हणून तो थांबत नाही. अमुक पान काढा, असे म्हणतो.

आणि पान काढले की लेखकापुढे दोनच वाटा उरतात. चूक मान्य करायची, किंवा ती चूक नाही हे त्याच पानावर दाखवायचे. ‘वाचक अजून तेवढा प्रगल्भ झालेला नाही’ ही तिसरी वाट रहस्यकथाकाराला बंद आहे. गंभीर म्हणवल्या जाणाऱ्या लेखकाला ती सदैव खुली असते. त्याची कादंबरी कळली नाही तर दोष कळून न घेणाऱ्याचा. रेंगाळली तर ती संथ लय. शेवट पटला नाही तर तो खुला शेवट. फलाटावरच्या लेखकाला यातले एकही पांघरूण मिळत नाही. त्याचे गिऱ्हाईक पुढच्या स्थानकावर उतरणार असते, पुस्तक संपवून.

वाचकांचे इतके ऐकणारा लेखक त्यांचा बांधील होतो, असा आक्षेप येतो. तो वरवर बरोबर वाटतो. पण छापणे आणि ऐकणे निराळे, ऐकणे आणि मानणे त्याहून निराळे. आपल्या दारात वादाला जागा देणारा माणूस प्रत्येक वादात हार पत्करतोच असे नाही. उलट ज्याला आपल्या कारागिरीची खात्री आहे, त्यालाच ती सगळ्यांदेखत तपासू देणे परवडते. पाठकांनी आत्मचरित्राच्या तिसऱ्या भागाला ‘निंदक नियरे राखिए’ असे नाव दिले. ते कबीराकडून घेतले आहे, आणि आत्मचरित्राला असे नाव देणे सोपे असते, सभ्य दिसते. पाठकांच्या बाबतीत फरक एवढाच की ते नाव देण्याआधी त्यांनी निंदकांना वर्षानुवर्षे स्वतःच्या पुस्तकांत जागा दिली होती. तीही परिशिष्टात नव्हे, उंबरठ्यावर.

आत्मचरित्राचा हा भाग ‘राजकमल’ने काढला, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी. हिंदी साहित्याची मान्यवर मंडळी ज्या घरात नांदतात ते हे घर. त्याआधी 2009 साली ‘पैंसठ लाख की डकैती’ इंग्रजीत गेली. ‘कोलाबा कॉन्सपिरेसी’ 2014 साली हार्परकॉलिन्ससारख्या प्रकाशकाने हिंदीत छापली. कागद सुधारला, मुखपृष्ठे शालीन झाली. इंग्रजी वर्तमानपत्रे शोध लागल्यासारखी मुलाखती घेऊ लागली. एवढे कसे लिहिता, रोज किती लिहिता, सुचते कसे, असे प्रश्न. वाचकाला उत्तर देण्याची ही शिस्त कुठून आली, हा प्रश्न सहसा कोणाला सुचला नाही. फलाटावरच्या माणसाला साहित्यिक सभ्यता ठाऊक असेल, ही शक्यता मुलाखतकाराच्या यादीत नसते.

आता आपल्या बाजूला वळू. मराठी कादंबरीची पहिली पाने काय सांगतात? प्रस्तावना असेल तर ती दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाची. ती पुस्तकाची भलामण करते, आणि पुस्तक फारच पातळ असेल तर लेखकाच्या स्वभावाची. त्यानंतर मनोगत. त्यात आई-वडील, गुरुजी, प्रकाशक, चित्रकार, अक्षरजुळणी करणारे, मुद्रितशोधन करणारे, हस्तलिखित वाचून ‘मौलिक सूचना’ देणारे मित्र आणि लेखनाच्या काळात ‘घर सांभाळणारी’ पत्नी. या क्रमात वाचक येतो तो शेवटच्या वाक्यात. त्याला सुजाण, चोखंदळ किंवा रसिक असे एक विशेषण मिळते. तो या पुस्तकाचे स्वागत करील अशी आशा व्यक्त होते. आणि तो गप्प बसतो. त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा असते.

मागच्या पुस्तकाविषयी त्याने काही म्हटले होते का, याचा उल्लेख नसतो. पत्रे येत नाहीत असे नव्हे. मराठी लेखकांना पत्रे येतात, आताशा निरोप येतात, कार्यक्रमानंतर लोक गाठतात. चांगली पत्रे लेखक जपून ठेवतो. साठीच्या गौरवग्रंथात ती उपयोगी पडतात. वाईट पत्रांचे काय होते हे कळायला मार्ग नाही. लेखक-वाचक संवाद नावाचे कार्यक्रम मात्र जोरात होतात. व्यासपीठावर लेखक, समोर वाचक, मध्ये सूत्रसंचालक. प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधी सूत्रसंचालकाकडे जातात आणि त्यांतून कोणत्या वाचायच्या ते तो ठरवतो. लेखनामागच्या प्रेरणेची चिठ्ठी वर येते. पान एकशे बारावरच्या चुकीची चिठ्ठी त्याच्या खिशात राहते. पुढे स्वाक्षऱ्या आणि चहा.

रहस्यकथेला आपण अजूनही दुय्यम समजतो, याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. भाषा सपाट, पात्रे ठोकळेबाज, मांडणी साचेबंद. पाठकांच्या सगळ्या तीनशे कादंबऱ्या या आरोपांतून सुटतील असे त्यांचे चाहतेही म्हणणार नाहीत. तो मुद्दा नाही. भाषा, पात्रे आणि मांडणी यांबाबत ज्यांचे सगळे उत्तम आहे, त्यांना वाचकाची एक नाराजी स्वतःच्या पुस्तकात छापता का येत नाही, एवढेच विचारायचे आहे.

जागा नाही असेही म्हणता येत नाही. मराठीत एखाद्या कादंबरीचे नशीब उघडले आणि दुसरी आवृत्ती निघाली की लेखक नवे मनोगत लिहितो. पहिल्या आवृत्तीचे कसे स्वागत झाले ते त्यात येते. कोणत्या पुरस्कारांनी ती गौरवली गेली ते येते. पुनर्मुद्रणाचा आग्रह धरल्याबद्दल प्रकाशकांचे आभार येतात. आणि तळाशी कुठेतरी एक ओळ असते, की या आवृत्तीत काही किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत. त्या कोणी दाखवून दिल्या, ते नसते.