गोल तलाव आणि नळाची चावी

अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये फेअरग्राउंड पार्कचा तरणतलाव १९१३ साली बांधला. उघड्या आभाळाखाली, पुरता गोल, हजारो माणसं एकदम पोहतील एवढा. गोलाला कोपरा नसतो, कुणाला कोपऱ्यात ढकलायची सोय नाही. म्हणून काळ्यांना फाटकाबाहेरच ठेवलं. पैसा नगरपालिकेचा, म्हणजे सगळ्यांचा. पाणी फक्त गोऱ्यांचं.

२१ जून १९४९ ला काळी पोरं पहिल्यांदा पाण्यात उतरली. बाहेर गोऱ्यांचा जमाव बॅटी आणि सुरे घेऊन उभा. डोकी फुटली. महापौराने त्याच दिवशी बंदी परत आणली. १९५० मध्ये कोर्टाने ती उठवली. मग गोऱ्यांनी येणंच सोडलं. १९४८ च्या उन्हाळ्यात तीन लाखांवर पोहणारे, १९५० त जेमतेम दहा हजार. १९५६ ला तलावच बंद!

महाड आठवलं? १९२७ ला बाबासाहेबांमागून आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो आणि सनातन्यांनी शेणमूत ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. इथे शेण, तिथे टाळं. रोग एकच.

फाटक उघडलं म्हणून नाचू नका. आत गेल्यावर बघा, नळाची चावी कुणाच्या खिशात आहे. प्रवेश घेतलाय. आता चावी घ्यायची.