शून्याचे घर

जुगाराची परिभाषा कळली की जुगार कळला, हा नवशिक्याचा पहिला भ्रम होय. रूलेटच्या चक्रावर 1 ते 36 आकडे असतात. निम्मे लाल, निम्मे काळे. आकडा लागला तर भाव एकास पस्तीस. हिशेब चोख दिसतो खरा. परंतु चक्रावर सदतिसावे, हिरवे घर असते, ते शून्याचे. प्रत्येक घरावर शंभर रुपये लावणारा 3,700 रुपये मांडतो आणि मुद्दलासह 3,600 परत नेतो. उरलेले शंभर, म्हणजे शेकडा सुमारे 2.7, हा मालकाचा हक्काचा वाटा. (अमेरिकी चक्रावर शून्ये दोन, वाटाही जवळजवळ दुप्पट.)

मुंबईच्या मटक्यात जोड्या शंभर आणि रूढ भाव नव्वदाचा. त्या मानाने कॅसिनो उदार वाटेल! मात्र मटक्याच्या एका बाजारात जोडी दिवसाला एकदाच ठरते. मोबाइलवरील चक्र मिनिटागणिक फिरते. असा लहान वाटा शंभरदा कापला गेल्यावर पगाराचे काय उरेल, हे कारकुनाला निराळे सांगावयास नको.

2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे उचितच झाले. परंतु बंदीने गणित शिकवले जात नाही. संभाव्यतेच्या तासाला नाणी आणि फासे येतातच. शिक्षकांनी त्याच फळ्यावर हे हिरवे घरही काढून दाखवावे.