पेरणीआधी दाखले काढा



कर्मवीर भाऊराव पाटलांचे ऐतवडे बुद्रुक आपल्या ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) भागातलेच. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. बोर्डिंगातल्या पोरांना जेवू घालण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे सोने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. आज आपल्याला सोने मोडायचे नाही, कागद जमवायचे आहेत. आणि तेवढ्यातच आपण मागे पडतो.

सरकारी वा अनुदानित शाळेतल्या पोराने आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा दिली आणि यादीत नाव आले, तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पुढे कॉलेजच्या फीसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. वसतिगृहात राहणाऱ्या अल्पभूधारकाच्या मुलांना ठरावीक अभ्यासक्रमांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे.

पण कॉलेजचे प्रवेश सुरू होतात तेव्हा आपण उसाच्या लागणीत असतो. उत्पन्नाचा दाखला नाही, अल्पभूधारकाचा दाखला नाही, बँक खात्याला आधार जोडलेले नाही. मुदत टळते. पोरगा मजुरीला लागतो, पोरीचे लग्न ठरते. पाऊस हुकला तर आपला इलाज नाही. ही मुदत हुकली तर चूक आपलीच.

म्हणून आम्ही सांगतो, नवे आर्थिक वर्ष लागताच गावबैठकीत आठवी, दहावी, बारावीच्या मुलामुलींची यादी करा. दोन शिकलेली पोरे या कामाला नेमा. मे संपण्याआधी प्रत्येकाचे दाखले हातात हवेत. ही भीक नव्हे, आपल्या लेकरांचा हक्क आहे. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना यादी घेऊन या.