पडद्यासमोर मुकी बसलेली मुलं

वाचता न येणाऱ्या मुलासमोर कार्टून लावायचं आणि त्याला बहुसंवेदी शिक्षण म्हणायचं, ही फसवणूक आहे. ती सरकारी पैशाने होते, लोकवर्गणीने होते आणि उद्घाटनाच्या नारळासकट होते. मी अडखळणाऱ्या मुलांना वाचन शिकवते. मी पाहिलेल्या बहुतेक 'डिजिटल' वर्गांत चित्र सारखंच आहे. भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर नाचणारा 'क', मागे गाणं, आणि समोर हाताची घडी घालून बसलेली पोरं. जीभ बंद, हात बंद. डोळे आणि कान तेवढे उघडे, तेही दुसऱ्याने म्हटलेलं झेलायला. सर्वांत मागे बसलेल्या ज्या पोरासाठी हा खर्च झाला असं सांगतात, ते पोर त्या गाण्याची चाल शिकतं. अक्षर शिकत नाही.

बहुसंवेदी पद्धत कुठल्या कंपनीने काल शोधलेली नाही. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन हे डॉक्टर 1920च्या दशकात वाचनात अडणाऱ्या मुलांचा अभ्यास करत होते. अ‍ॅना गिलिंगहॅम या बाईंनी त्यावरून शिकवण्याची शिस्त बांधली. एका वेळी एकच ध्वनी घ्यायचा. मुलाने अक्षर बघायचं, ध्वनी स्वतःच्या तोंडाने म्हणायचा आणि त्याच क्षणी हाताने लिहायचा. पुढची पायरी मागची पक्की झाल्यावरच. माँटेसरीबाईंची खरखरीत कागदाची अक्षरं त्याच्याही आधीची. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी परिसरातल्याच वस्तूंतून शिक्षणाची साधनं उभी केली. या सगळ्यांत काम करणारं होतं ते मूल. आज ते काम पडदा करतो आणि मूल प्रेक्षक झालं आहे.

त्यात आणखी एक खूळ प्रशिक्षणांतून पसरवलं जातं: हे मूल 'दृश्य' शिकणारं, ते 'श्राव्य', तिसरं 'कृतिशील'. मुलांची अशी वाटणी करून शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी 2008 साली संशोधन तपासून स्पष्ट मांडलं आहे. तरी ही वाटणी विकली जाते. ज्याला वाचताना त्रास होतो त्याला 'तू श्राव्य आहेस' म्हणून फक्त ऐकवत ठेवणं म्हणजे त्याला वाचनापासून कायमचं तोडणं आहे.

मग यंत्र नकोच का? हवं, आणि मराठीसाठी तर नक्की हवं. कसं, ते सांगते.

'किती' हा शब्द घ्या. कानाला आधी क ऐकू येतो, मग इ. कागदावर मात्र वेलांटी आधी आणि क नंतर. ज्या मुलाचा क्रमच डळमळीत आहे, त्याच्यासाठी हा सापळा आहे. 'गर्दी'त र आधी ऐकू येतो, पण रफार जाऊन बसतो द आणि दीर्घ वेलांटीच्या डोक्यावर. आता हेच मुलाला मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर लिहू द्या. क दाबायचा, मग वेलांटी. यंत्र वेलांटी स्वतःहून 'क'च्या आधी नेऊन ठेवतं. गर्दीसाठी ग, र, हलन्त, द, दीर्घ वेलांटी. म्हणजे बोटांचा क्रम उच्चाराच्या क्रमाने चालतो आणि अक्षर डोळ्यांदेखत जुळतं. मूल ध्वनी म्हणतं, कळ दाबतं, बघतं आणि मग तेच वहीत हाताने लिहितं. वही सोडायची नाही, कारण गुळगुळीत काचेवर बोट फिरवून हाताला लिहिण्याचं वळण लागत नाही. यासाठी मास्तरांचा जुना फोन पुरतो. आणि डिजिटल साधनं विकणारी आपली दुकानदार मंडळी काय देतात? तयार 'कि'चं रंगीत चित्र, आणि बोट कसंही फिरवलं तरी 'शाब्बास'.

दुसरं साधन रेकॉर्डर. मुलाने परिच्छेद वाचावा, स्वतःचा आवाज ऐकावा आणि चूक स्वतः पकडावी. तिसरं, मजकूर मोठ्याने वाचत शब्दाशब्दावर रंग सरकवणारी सोय. ज्याला शिवकाल समजतो पण इतिहासाचं पान वाचवत नाही, त्याचा इतिहास वाचनासाठी का अडवायचा? हे लाड नाहीत. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा (डिस्लेक्सिया हा तिचाच प्रकार) समावेश आहे आणि महाराष्ट्राने अशा मुलांना परीक्षेत सवलती 1996 पासून दिल्या आहेत. पण त्या मिळतात ज्याचे आईबाप प्रमाणपत्रासाठी शहरातल्या रुग्णालयाच्या चकरा मारू शकतात त्याला. खेड्यातलं तसंच मूल 'अप्रगत' किंवा 'ढ' ठरतं.

'असर' या शैक्षणिक पाहणीत 2022 साली देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतली फक्त 42.8 टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. उरलेली सगळी डिस्लेक्सिक नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना ध्वनी आणि अक्षराचा सांधा कुणी नीट शिकवलेलाच नाही. दोन्ही प्रकारच्या मुलांना लागतं तेच: रोजचा थोडा वेळ, पायरीपायरीने शिकवणारा प्रशिक्षित माणूस आणि मुलाकडून करून घेतलेलं काम. मी पाहिलेल्या खरेदीच्या कागदांत पडद्याचे इंच असतात, वॉरंटी असते. शिक्षकाला किती दिवस शिकवणार आणि मूल त्या यंत्राशी काय करणार, याची ओळ नसते. प्रशिक्षण म्हणजे कंपनीच्या माणसाने चालू-बंद करून दाखवणं. पुढे यंत्र बिघडतं आणि कपाटात जातं. त्याचा जाब कुणी देत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पालकहो, पुढच्या बैठकीत पडद्याचं कौतुक ऐकत बसू नका. तुमच्या मुलाने या आठवड्यात त्या यंत्रासमोर किती वेळ तोंड उघडलं आणि किती शब्द स्वतः जुळवून लिहिले, ते मुख्याध्यापकांना विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.